सर्टिफिकेट मिळालं, आता पहिली नोकरी!

मैत्रिणींनो, तुमची मुलगी, बहीण किंवा भाची ब्यूटीचा कोर्स करत असेल, तर ही गोष्ट तिला नक्की वाचून दाखवा. कोर्स करणाऱ्या तुम्ही स्वतःच असाल, तर उत्तमच.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीने नाशिकमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा डिप्लोमा पूर्ण केला. फी ७५ हजार रुपये. आईने भिशीचे पैसे त्यात घातले, उरलेल्या रकमेसाठी बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. घरात कुणी तसं बोलून दाखवत नव्हतं, पण दर महिन्याला हप्त्याची तारीख जवळ आली की सगळे जरा गप्प गप्प असायचे.

मी कंटेंट रायटर आहे. त्यामुळे तिचा रेझ्युमे लिहिण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मी चांगला दोन पानांचा इंग्रजी रेझ्युमे लिहिला. मेहनती, उत्साही, ध्येयवादी, एकही विशेषण सोडलं नाही. पंधरा सलॉनना ईमेल पाठवले. एकाचंही उत्तर आलं नाही.

शेवटी तीच म्हणाली, ‘‘ताई, मी जाऊनच बघते.’’

कागद नाही, हात बघतात

तिने एक गोष्ट शहाणपणाची केली. शनिवार-रविवार टाळले आणि मधल्या वारी दुपारी गेली, कारण तेव्हा गर्दी कमी असते आणि मालकिणीला बोलायला वेळ असतो. पहिल्याच पार्लरमध्ये मॅडमने माझा रेझ्युमे बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘आयब्रो करून दाखव.’’

हिचे हात थरथरले. एका भुवईचा कोन जास्त वर गेला. मॅडम रागावल्या नाहीत, पण ‘‘अजून सराव कर,’’ म्हणाल्या आणि विषय संपला.

त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या काकू, वहिनी आणि मैत्रिणी तिच्या खुर्चीत बसू लागल्या. तीन आठवडे रोज दोन-तीन थ्रेडिंग. एका वहीत ती लिहून ठेवायची, आज किती जणींचं केलं, किती वेळ लागला, कुठे चुकलं. माझ्या भुवया त्या काळात कशा दिसत होत्या, ते विचारू नका!

फुकटची ट्रायल

मग एका मोठ्या, चकाचक सलॉनमधून ट्रायलचं बोलावणं आलं. तुळशीचं लग्न होऊन लगीनसराई नुकतीच सुरू झाली होती. तीन दिवस सकाळी दहा ते रात्री आठ तिने वॅक्सिंग, पेडिक्युअर, हेअर स्पा सगळं केलं. चौथ्या दिवशी ‘‘कळवतो’’ म्हणाले. कुणीच कळवलं नाही. गर्दीचे दिवस त्यांनी फुकटात निभावून नेले, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या एका ठिकाणी तर लगेच नोकरी देत होते. अट एकच, दोन वर्षांचा बाँड आणि बारावीची मूळ मार्कशीट त्यांच्याकडे जमा. तिला सही करायची होती. ‘‘ताई, हप्ता तरी सुटेल ना,’’ ती म्हणाली. त्या दिवशी आमचं चांगलंच भांडण झालं. मला सारखं वाटत होतं, मी हिची संधी घालवते आहे का? शेवटी बाबा म्हणाले, ‘‘हप्त्याचं मी बघतो. तुझे कागद कुणाकडे गहाण ठेवायचे नाहीत.’’ ती खोलीत जाऊन रडली, पण सही केली नाही.

आपणही प्रश्न विचारायचे

त्यानंतर आम्ही दोघींनी बसून विचारायच्या प्रश्नांची यादी केली. तुम्हीही ती लिहून घ्या.

ट्रायल किती वेळाची? ग्राहकांवर पूर्ण दिवस काम करून घेणार असाल, तर त्याचे पैसे मिळतील का? पगार ठरलेला किती आणि इन्सेंटिव्ह कशावर, सर्व्हिसवर की प्रॉडक्ट विकण्यावर? टार्गेट झालं नाही तर पगार कापतात का? आठवड्याची सुट्टी कोणती? रात्री उशीर झाला तर घरी जायची सोय काय? पहिले काही महिने फक्त केस धुवायचे की शिकायलाही मिळणार? बाँड असेल तर मध्येच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल? आणि मूळ कागदपत्रं फक्त दाखवायची, द्यायची ती झेरॉक्स.

आणखी एक सांगते. शिकाऊ उमेदवारीचा १९६१चा कायदा आहे. त्यानुसार रीतसर करार झाला, तर शिकतानाही विद्यावेतन मिळतं. मोठ्या सलॉनमध्ये ‘अप्रेंटिस म्हणून घेता का?’ असं जरूर विचारा. फी जड जात असेल, तर आयटीआयमध्येही कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. आम्ही ही चौकशी आधी केली असती, तर कदाचित कर्ज काढावं लागलं नसतं.

सहावं पार्लर

शेवटी नोकरी लागली ती घरापासून वीस मिनिटांवरच्या चार खुर्च्यांच्या पार्लरमध्ये. तिथल्या मॅडमने थ्रेडिंग करून घेतलं आणि मग विचारलं, ‘‘एखादी बाई पहिल्यांदाच हेअर कलर करायला आली आणि म्हणाली आत्ताच कर, तर?’’

ही म्हणाली, ‘‘आधी कानामागे पॅच टेस्ट करीन आणि ४८ तासांनी बोलवीन.’’

‘‘ती दुसरीकडे निघून गेली तर?’’

‘‘जाऊ दे मॅडम. चेहरा सुजला, तर ती आपल्याकडे परत कधीच येणार नाही.’’

मग मॅडमनी तिची ती वही चाळून बघितली आणि सोमवारपासून यायला सांगितलं. पगार नऊ हजार, शिवाय सर्व्हिसवर इन्सेंटिव्ह. ऐकायला कमी वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. पण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सरळ मिळालं आणि मार्कशीट घरच्या कपाटातच राहिली.

आज तिला तिथे आठ महिने झाले. मेकअप अजून मॅडमच करतात, ही शेजारी उभी राहून बघते आणि ब्रश देते. मागच्या महिन्यात एका नवरीच्या बहिणीचा मेकअप पहिल्यांदा तिच्या हाती दिला. घरी आल्यावर तिने दहा वेळा तरी तो फोटो दाखवला.

रेझ्युमे मी पुन्हा लिहिला आहे, अर्ध्या पानाचा. त्यात विशेषणं नाहीत. कोणती सर्व्हिस येते, किती जणींची केली, एवढंच आहे. आणि हो, आता पतसंस्थेचा हप्ता तीच भरते. तुमच्या घरातली मुलगी पहिल्या नकारानंतर न जेवता झोपली, तर तिला समजावत बसू नका. सकाळी उठून तिच्या खुर्चीत बसा आणि म्हणा, ‘‘चल, माझ्या आयब्रो कर.’’