दोन इंचांचा हिशेब

लिफ्ट किटचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाडी किती इंच वर गेली? माझ्या मते हा प्रश्नच उलटा आहे. कमीत कमी किती इंचांत काम भागलं, हे विचारायला हवं. उंचीचा फायदा सरळ हिशेबाने वाढत जातो, पण तिची किंमत पुढे पुढे भराभर चढते. म्हणून गरजेला पुरेल एवढी सगळ्यात कमी उंची हीच योग्य उंची, असं माझं म्हणणं आहे. आणि स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या हाताने किट बसवणाऱ्याला हे जितकं पटतं, तितकं तयार गाडीची चावी हातात घेणाऱ्याला पटत नाही, कारण हाताने बसवणाऱ्याकडे प्रत्येक इंच एकेका नट-बोल्टातून वसूल होत असतो.

आधी किट काय करतं आणि काय करत नाही, ते पाहू. जून 2023 पासून भारतात मिळू लागलेली पाच दारांची जिम्नी घ्या. पुढे-मागे अखंड अॅक्सल, चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग. अशा गाडीला लांब स्प्रिंग घातल्या की बॉडी आणि चॅसी वर जाते, अॅक्सल जागेवरच राहतो. डिफरन्शियलचा गोळा काल दगडाला जिथे लागत होता, तिथेच आजही लागणार. तो उचलायचा तर टायर मोठे हवेत, आणि तिथेही टायरचा व्यास एक इंच वाढला तर गोळा अर्धाच इंच वर जातो. मग किट कशासाठी? पोटासाठी. परदेशात विकल्या जाणाऱ्या तीन दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस 2250 मि.मी., आपल्याकडच्या गाडीचा 2590. दोघींचा ग्राउंड क्लिअरन्स सारखाच, 210 मि.मी. तरीही उंचवटा ओलांडतानाचा कोन, म्हणजे ब्रेकओव्हर अँगल, 28 अंशांवरून 24 वर आला आहे. शेताचा बांध किंवा घाटवाटेवरचा मातीचा उंबरठा ओलांडताना पुढची चाकं पार होतात आणि पोट टेकतं, ते या चार अंशांमुळे. ढोबळ भूमितीने मांडलं तर 50 मि.मी. लिफ्टने हा कोन पुन्हा 28 अंशांच्या आसपास पोचतो. दोन इंचांत लांबीने नेलेलं परत मिळालं. ही खरी गरज, आणि ती मोजता येते.

आता किंमत. अॅक्सल आडवा सरकू नये म्हणून चॅसी आणि अॅक्सल यांच्यामध्ये पॅनहार्ड रॉड असतो. गाडी वर गेली की हा रॉड तिरका होतो, त्याची आडवी लांबी घटते आणि तो अॅक्सलला एका बाजूला ओढतो. समजा रॉड 800 मि.मी. लांब आणि सुरुवातीला अगदी आडवा आहे. 50 मि.मी. उचलल्यावर अॅक्सल दीड मिलिमीटर सरकेल, 100 मि.मी. उचलल्यावर सहा. उंची दुप्पट, सरक चौपट. पुढच्या अॅक्सलला धरणाऱ्या आर्मचं दुखणं वेगळं. आर्म खाली कलला की अॅक्सलही सोबत फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन, कमी होतो. चॅसीच्या बुशापासून अॅक्सलपर्यंत 700 मि.मी. अंतर धरलं तर 50 मि.मी. उंचीला साधारण चार अंश जातात. कॅस्टर मुळातच काही अंशांचा असतो. तो गेला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि हायवेवर गाडी भरकटत राहते. दोन इंचांपर्यंत मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे बुश घालून हा कोन बहुतांशी परत मिळवता येतो. चार इंचांना आर्मच नवे लागतात, मग प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन, ब्रेकचे होज, एबीएसच्या वायरी, सगळ्यांचीच वर्णी लागते.

दोन इंच मिळाले, मग चार का नकोत, या आक्षेपाचं अर्धं उत्तर इथेच आहे. उरलेलं अर्धं आडव्या उतारावर मिळतं. गाडी कलंडायला किती विरोध करते, हे चाकांमधल्या अंतराचं अर्धं भागिले गुरुत्वमध्याची उंची, एवढ्यावर बरंचसं ठरतं. चाकांमध्ये 1400 मि.मी. आणि गुरुत्वमध्य 700 वर धरला तर भागाकार 1 येतो. गुरुत्वमध्य 50 ने वर गेला की 0.93, 100 ने गेला की 0.88. उंचवटा ओलांडायला घेतलेली उंची अशी उताराच्या वेळी परत मागितली जाते.

हे घरी करणं धोक्याचं आहे, असा दुसरा आक्षेप. धोका आहेच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालणारा माणूस शहाणा नव्हे. सपाट, टणक जमीन, उरलेल्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, चॅसीखाली दोन भक्कम स्टँड आणि अॅक्सलखाली वेगळा ट्रॉली जॅक, एवढं नसेल तर काम सुरूच करू नये. पण एवढं असेल, तर अशा गाडीत शॉकअपचा खालचा बोल्ट काढून अॅक्सल हळूहळू खाली सोडला की स्प्रिंग मोकळी होते, ती दाबून धरायच्या यंत्राची सहसा गरज पडत नाही. अॅक्सल सोडताना नजर मात्र ब्रेकच्या होजवर हवी. तो ताणला गेला की तिथेच थांबायचं. खरी कसोटी लागते ती शेवटी. रबरी बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्यांमध्ये चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी जागीच जखडते आणि पुढची सगळी हालचाल रबराच्या पिळातून होते. चाकं हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली आल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी नुसते बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन बसू द्यायचं, आणि मगच टॉर्क रेंचने नेमक्या मापाला आवळायचं. यात कौशल्य कमी आणि सबुरी जास्त लागते. घाईच्या गॅरेजात पहिल्यांदा हीच सबुरी सुटते. घरी करण्याच्या बाजूने याहून मोठा मुद्दा माझ्याकडे नाही. अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत मात्र नंतर यंत्रावरच तपासून घ्यावा.

तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो सगळ्यात वजनदार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. दोनच इंच होते, ही पळवाट इथे चालत नाही. अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते, तेव्हा आरटीओ आणि विमा कंपनी यांच्याकडून लेखी उत्तर मिळवणं हे कामाचं पहिलं पाऊल आहे. ते नकारार्थी आलं, तर किट रस्त्यावरच्या गाडीला लावू नये, इतकं साधं आहे.

होकार आला, तरी पैसे मोजण्याआधी गाडीखाली वाकून पाहा. ओरखडे डिफरन्शियलच्या गोळ्यावर असतील तर तुम्हाला टायर हवेत. पोटावर, चॅसीच्या मध्यावर असतील, तर दोन इंचांचं किट घ्या आणि तिथेच थांबा. कुठेच ओरखडा नसेल, तर तुमच्या गाडीची उंची तुम्हाला पुरते आहे. ते पैसे डिझेल-पेट्रोलला ठेवा.