गच्चीवरचा ड्रम आणि आईचा हिशेब

मी बी.कॉम. झालेला एक साधा कारकून. जमाखर्च लिहिणे हे माझे रोजचे काम. पण पाण्याचा हिशेब मला आईने शिकवला. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहर टँकरवर जगत होते. आई पहाटेच घागर घेऊन रांगेत उभी राहायची. तांदूळ धुतलेले पाणीही ती शेवग्याच्या बुडाशी ओतायची.

अशा घरात दोन वर्षांपूर्वी मी गच्चीवर २०० लिटरचा ड्रम भरून मासे सोडले. आई म्हणाली, "अरे, माणसाला प्यायला पाणी नाही अन् तू माशाला घालतोस?"

मासे पाण्यात अमोनिया सोडतात. तो साचला की मासे मरतात. परंतु खडीवर वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात, आणि नायट्रेट म्हणजे झाडांचे खत. ड्रममधले पाणी खडीच्या वाफ्यातून फिरवले की भाजी पोसते व स्वच्छ पाणी माशांकडे परत येते. कॅरिबियन समुद्रातील व्हर्जिन बेटांवर गोड्या पाण्याची टंचाई असते. तेथील विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. हे वाचून वाटले, मग जालन्यात का नको?

पण मी घाई केली. नळाचे पाणी भरून त्याच दिवशी चिलापीची ४० बोटुकली सोडली. क्लोरीन उडू दिला नाही. जीवाणू रुजायला महिना-दीड महिना लागतो, हेही ध्यानात घेतले नाही. वर खाद्य मूठमूठ टाकले. चौथ्या दिवशी एकही मासा उरला नाही. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तिने तेच पाणी बादलीने शेवग्याला घातले.

दुसऱ्या वेळी पाणी दोन दिवस उघडे ठेवले, मासे दहाच सोडले, खाद्य चिमूटभर टाकले. पहिला महिनाभर थोडे थोडे पाणी बदलले. काढलेले शेवग्याला गेले. कुलरची जुनी मोटार बसवली. लाईट गेली तर मुलगी तांब्याने पाणी वरून ओतते, म्हणजे मासे गुदमरत नाहीत. आता पालक व पुदिना घरचा आहे. उन्हाने उडाले आणि झाडांनी प्याले तेवढेच पाणी वरून घालावे लागते.

मात्र खरा जमाखर्च सांगितला पाहिजे. खाद्य व वीज धरली तर बाजारातली जुडी स्वस्त पडते. म्हणून कोणी हमखास उत्पन्नाचे स्वप्न दाखवत वस्तीत आले, तर बचत गटातील भगिनींनी कर्ज काढू नये. आधी एक ड्रम वर्षभर सांभाळून पाहावा. आमच्याकडे कडवंचीसारख्या गावांत शेततळी आहेत. आपल्यातील कित्येकांकडे गुंठाभरही जमीन नाही. पण अंगणात एक ड्रम मावतो, आणि मुलांना पुस्तकातले विज्ञान डोळ्यांनी दिसते.

हल्ली सकाळी माशांना खाद्य आईच टाकते. मी जरा जास्त घेतले की ती माझा हात धरते.