चुनखडी मड गिळते तेव्हा

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, ७५ मीटर पाण्याखाली मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. 'सागर सम्राट' रिगला १९७४ मध्ये तिथे तेल लागले आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. मुख्य साठा एल-३ या चुनखडीच्या थरांत आहे.

नांदेड-लातूरकडच्या बोअरवाल्याला खडक म्हणजे काळा पाषाण. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या संशोधन-विवरात तो ३३८ मीटरवर संपला. मुंबई हायवर हाच पाषाण बऱ्याच ठिकाणी तेलाच्याही खाली, तळाशी आहे. पाषाणात कस लागतो खडक फोडणाऱ्या बिटाचा. चुनखडीत बिट सहज उतरतो, कस लागतो तो मडचा, म्हणजे विहिरीत फिरवत ठेवलेल्या चिखलासारख्या द्रवाचा.

पंप चालू असतात, पण वर परतणारा मड गाळणाऱ्या चाळणीवरची, शेल शेकरवरची धार बारीक होत जाते आणि थांबते. रिटर्न गेला. मड भेगांत, पोकळ्यांत पळालेला असतो. विहिरीतली पातळी घसरली की तळावरचा दाब उतरतो आणि वरच्या थरांतला गॅस आत घुसू पाहतो. मड जड करावा तर तो आणखी पळतो, हलका ठेवावा तर गॅसला मोकळे रान. इतक्या वर्षांच्या उपशाने थरांचा दाब घटला आहे. १९८४ पासून थरांत पाणी सोडूनही तो सगळीकडे सारखा सावरला नाही, त्यामुळे जड-हलक्यातली फट अरुंदच होत गेली. भेगा बुजवायला कॅल्शियम कार्बोनेट बरे, ते पुढे आम्लात विरघळते. अभ्रक विरघळत नाही, तेलाची वाटही बंद करते. सिमेंट अगदी नाइलाज झाल्यावर.

रिगच्या ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवून खालचा खडक ओळखतो, हा जुन्या ड्रिलरचा तोरा. तो अगदीच पोकळ नाही; बिट पोकळीत शिरला की दांडा सांगतो. पण काचेच्या केबिनमध्ये जॉयस्टिक धरणाऱ्या पोरांना 'व्हिडिओगेमवाले' म्हणण्यात मत्सरच जास्त. टाकीतली मडची घट सेन्सर हाताच्या आधी दाखवतो. हे त्या पोरांसमोर कबूल करणे मात्र जिवावर येते.

२००० नंतरच्या पुनर्विकासात जुन्या विहिरींतून साइडट्रॅक, म्हणजे बाजूला फोडलेल्या नव्या वाटा, आणि आडव्या विहिरी घेतल्या गेल्या. आडव्या विहिरीत चुनखडी लांबवर उघडी पडते. तेल जास्त मिळते आणि मडलाही पळायला जागा जास्त. २०२५ मध्ये हे क्षेत्र चालवणाऱ्या ओएनजीसीने त्यासाठी ब्रिटनच्या बीपी कंपनीला तांत्रिक सेवेसाठी नेमले. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र सल्लागार कुठलाही असो, एल-३ मध्ये शिरण्याआधी कॅल्शियम कार्बोनेटची पोती डेकवर हवीतच.