न झालेली फायनल

आमच्या विश्रामबागच्या घरात बाहेरच्या खोलीच्या दाराआड एक हॉकीस्टिक उभी असते. तुतीच्या लाकडाची. मुठीवरची पट्टी कधीच झिजून गेली, खालचं वळण घासून पातळ झालं. नवा पाहुणा आला की विचारतो, "कुत्र्यांसाठी ठेवलीय काय?" अम्मी हसून हो म्हणते. खरं सांगायचं तर अब्बांची सगळी जवानी सांगावी लागेल, आणि तेवढा वेळ पाहुण्यांकडे कुठला!

अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये लागले, त्याच्या आधीपासून हॉकी खेळत. ड्यूटी संपली की सायकलला स्टिक बांधून विलिंग्डन कॉलेजच्या मैदानाकडे जायचे, कधी मिरजेला. सांगली म्हणजे कुस्तीचं गाव, आणि त्यानंतर क्रिकेटचं. विजय हजारे जन्मले ते सांगलीतच. हॉकीचं नाव काढलं तर लोक चेहऱ्याकडे बघत राहायचे. त्यामुळे जे दहा-पंधराजण खेळायचे, ते एकमेकांना सख्ख्या भावासारखे धरून असायचे. त्यात कोण कुठल्या गल्लीतला, हे कुणी विचारत नसे. गोलकीपरचे पॅड एकच, आणि ते ज्याच्या पायात त्यानं गोलात उभं राहायचं, एवढाच नियम.

आम्ही भावंडं वाढलो ती अब्बांच्या दोन गोष्टी ऐकत. पहिली १९७५ ची. क्वालालंपूरचा वर्ल्ड कप. उपांत्य सामन्यात भारत मलेशियाविरुद्ध मागे पडलेला, वेळ संपत आलेली, आणि बाकावर बसलेल्या भोपाळच्या अस्लम शेर खानला मैदानात पाठवलं जातं. पेनल्टी कॉर्नर मिळतो. अस्लम गळ्यातल्या तावीजाचं चुंबन घेतो आणि चेंडू गोलात. बरोबरी. मग जादा वेळेत भारत ३-२ नं जिंकतो. १५ मार्चला अंतिम सामना पाकिस्तानशी. तोही भारत २-१ नं जिंकतो, विजयी गोल ध्यानचंदांच्या मुलाचा, अशोककुमारचा. हे सगळं अब्बांनी रेडिओवर ऐकलेलं. पण सांगताना ते असे उठून उभे राहायचे, की जणू तो कॉर्नर आपल्या बाहेरच्या खोलीतच लागलाय.

दुसरी गोष्ट १९८२ ची. ती अब्बा क्वचित सांगत, आणि बसूनच सांगत. दिल्लीची एशियाड, १ डिसेंबर, पुन्हा अंतिम सामना आणि पुन्हा पाकिस्तान. एका पानपट्टीसमोर रेडिओभोवती घोळका उभा होता, अब्बा त्यात. एक गोल झाला, दोन झाले, मग मोजणंच नको झालं. भारत १-७ नं हरला. पाचव्या-सहाव्या गोलाला घोळक्यातल्या दोघा-तिघांनी मान वळवून अब्बांकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही. नुसतं पाहिलं. अब्बा सायकल काढून घरी आले आणि जेवले नाहीत. हरल्याचं दुःख होतंच. त्यात त्या बघण्याची भर पडली. भारताच्या त्या संघात जफर इक्बाल होता, मोहम्मद शाहिद होता. त्यांच्यासाठी घसा कोरडा करणारा माणूस आता कुणाकडे बघणार?

त्या दिवशी गोलात उभ्या असलेल्या मीर रंजन नेगींचं पुढं काय झालं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. सामना विकला, असा आरोप लोकांनी त्यांच्यावर केला. त्या माणसानं कितीतरी वर्षं तो कलंक वागवला. पुढं १९९८ मध्ये बँकॉकला भारतानं एशियाडचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा संघाच्या गोलकीपरांना तयार करण्यात त्यांचा हात होता. आपल्या खडकीचा धनराज पिल्ले त्या संघाचा कप्तान. २००७ मध्ये 'चक दे इंडिया' आला. त्यात पाकिस्तानशी हरल्यावर ज्याच्यावर गद्दारीचा डाग लागतो, त्या नायकाचं नाव कबीर खान ठेवलेलं. सिनेमा संपल्यावर आम्ही सगळे गप्प होतो. अब्बा एवढंच म्हणाले, "नेगीचं दुःख आपल्या नावावर चढलं. चढू दे. जागा ओळखीचीच आहे."

१९८२ नंतर भारत-पाकिस्तान सामना अब्बांनी घराबाहेर कधी पाहिला नाही. आम्हीही तेच शिकलो. टीव्हीचा आवाज बेताचा ठेवायचा. भारत जिंकला तर गल्लीत पहिला फटाका आमच्या दारातून उडाला पाहिजे, आणि हरला तर सकाळी दूध आणायला जरा उशिरानं जायचं. हे नियम आम्हाला कुणी शिकवले नाहीत. अंगवळणी पडले.

एवढं सगळं सांगायचं कारण २८ ऑक्टोबर २०१८ ची रात्र.

मस्कतला आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी होती. आमच्यातला धाकटा तिथंच एसी दुरुस्तीच्या कामाला. ओमानमधल्या मजुराला जन्मात एकदा मिळावी अशी संधी त्याला मिळाली होती: भारत-पाकिस्तान फायनल, स्वतःच्या डोळ्यांनी. साखळीत भारतानं पाकिस्तानला ३-१ नं हरवलं होतं. उपांत्य फेरीत जपानला ३-२ नं. पाकिस्ताननं मलेशियाला ४-४ अशा बरोबरीनंतर शूटआउटमध्ये काढलं होतं. याआधी दोन्ही देशांनी ही ट्रॉफी दोन-दोनदा जिंकलेली. म्हणजे तिढा सुटायचा तो त्याच रात्री.

रविवार होता. सामना आपल्याकडे रात्री उशिराचा. अम्मीनं मुद्दाम खिमा-पाव केला होता. पलीकडचे निवृत्त मास्तर, अब्बांचे जुने लेफ्ट-आउट, मफलर गुंडाळून येऊन बसले. आम्ही टीव्ही लावला, तर पडद्यावर निळं मैदान आणि त्यावर सरळ रेषेत कोसळणारा पाऊस!

"वाळवंटात पाऊस पडायला हीच रात्र मिळाली?" मास्तर म्हणाले.

आम्हा सांगलीकरांना पावसाचं अप्रूप नाही. आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट झालं, हे आमच्याकडे लहान पोरंसुद्धा विचारतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या ऑगस्टात, ते सत्तावन्न फुटांच्या वर गेलं आणि अर्धी सांगली विश्रामबागच्या उंचवट्यावर नातेवाइकांकडं आली. असे आम्ही. पण मस्कतच्या त्या पावसानं आम्हाला जेवढं छळलं, तेवढं आमच्या पावसानंही क्वचित छळलं असेल. धाकट्याचे मेसेज येत होते. "पाऊस आहे." "वाढला." "विजा चमकतायत." "गोलासमोर तळं झालंय."

गंमत म्हणजे हॉकीला पाणी लागतं. आताच्या कृत्रिम मैदानावर सामन्याआधी मुद्दाम पाणी मारतात, म्हणजे चेंडू सरसर पळतो आणि पडणाऱ्याचे गुडघे सोलत नाहीत. अब्बांना ते मैदान कधी पटलं नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून ते आलं आणि मातीवरची आपली मनगटाची हॉकी मागं पडली, असं त्यांचं म्हणणं. "पाणी पाहिजे म्हणत होते ना? घ्या आता पाणी!" ते टीव्हीकडे हात करून म्हणाले. चेंडू डबक्यात पडला की जागेवरच बसतो. मग काठी कितीही चांगली असो, उपयोग नाही.

वाट बघता बघता खिमा गार झाला. अम्मीनं दोनदा चहा केला. अब्बा म्हणत होते, "बारिश थमती, बैठो." मास्तर घड्याळ बघत होते. आणि शेवटी सांगितलं गेलं, की सामना होणार नाही. भारत आणि पाकिस्तान, दोघं संयुक्त विजेते.

इथं आम्हाला एक गोष्ट कबूल करायची आहे. ते ऐकल्यावर आम्हाला हायसं वाटलं. अगदी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. सकाळी दुधाला वेळेवर जाता येईल. आमच्यातल्या थोरल्यानं तर बोलूनच टाकलं, "अच्छा हुआ, झंझट मिटी."

अब्बांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं. आम्ही त्यांना इतकं चिडलेलं क्वचितच पाहिलं असेल.

"खेल देखने कू बैठे थे, के डरने कू?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. मास्तर मफलरशी खेळत राहिले.

अब्बा उठले, दाराआडची स्टिक हातात घेतली, पुन्हा ठेवली. मग मराठीत, बहुधा मास्तरांनाही कळावं म्हणून, बोलू लागले. दोन्ही संघ तिथंच आहेत, मैदान तिथंच आहे, मग सामना उद्या ठेवायला काय झालं? अठरा-वीस वर्षांची पोरं आठवडाभर जीव तोडून खेळली ती काय टॉस उडवायला? कारण आता ट्रॉफी कुणी ठेवायची हे नाणं उडवून ठरत होतं. पहिलं वर्ष भारताकडे, मग पाकिस्तानकडे. त्या रात्रीची पदकं पाकिस्तानच्या खेळाडूंना, आपली मागाहून येणार. "भाऊबंदांच्या विहिरीसारखं झालं," मास्तर म्हणाले, "वाटण्या झाल्या तरी पाण्याच्या पाळ्या राहतात." अब्बांना तेवढ्या रागातही हसू आलं.

रात्री उशिरा धाकट्याचा फोन आला. तो चिंब भिजून खोलीवर पोचला होता. आडोशाला त्याच्या शेजारी सियालकोटचा एक गवंडी होता. सियालकोट म्हणजे हॉकीस्टिकचं गाव. दोघांनी एकाच प्लॅस्टिकखाली उभं राहून धनराज मोठा की शहबाज अहमद, यावर तास काढला. निकाल लागला नाही, तोही सामना बरोबरीतच सुटला. धाकटा म्हणाला, "अब्बा, तिकिटाचं दुःख नाही. पण आम्ही दोघंही रडकुंडीला आलो होतो. त्याला वाटत होतं ते जिंकले असते, मला वाटत होतं आपण जिंकलो असतो. आता आयुष्यभर दोघांना तसंच वाटत राहणार." अब्बा म्हणाले, "तुला तरी कळलं. इथं सगळे खूश आहेत."

तो टोला आम्हाला होता, आणि तो बरोबर लागला. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. पावसानं सामना एका रात्रीचा नेला होता; आम्ही स्वतः कितीतरी सामने गमावून बसलो होतो. भारत-पाकिस्तान खेळताना आम्ही पास बघत नव्हतो, ड्रिबल बघत नव्हतो. नुसता स्कोअर बघत होतो, आणि उद्या सकाळी कोण कसं बघेल याचा हिशोब मांडत होतो. बाकीच्या जगाला सामना पावसात गेला की मनसोक्त चिडता येतं, आकाशाला शिव्या देता येतात. आम्ही ते चिडणंही विसरलो होतो. अब्बा विसरले नव्हते. १९८२ च्या त्या नजरांनी त्यांना पानपट्टीवरून उठवलं असेल, खेळातून नाही.

सकाळी ते नेहमीपेक्षा लवकर उठले आणि आम्हाला घेऊन कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर गेले. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी असं पहिल्यांदाच. गाड्यावरचा एकजण ओळखीचा. मनात काही वाईट नसलेला, पण जिभेला हाड नसलेला. म्हणाला, "चाचा, तुमची काल मज्जा झाली! दोन्हीकडनं जिंकला की!"

दोघे-तिघे हसले. आमचे कान तापले. आम्ही नेहमीसारखं हसून घालवणार होतो.

अब्बांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "जिंकलो कुठं बाबा? आपण खेळलोच नाही. अर्धी रात्र जागून बसलो, तर पावसानं पाणी फिरवलं. तू बघत होतास का?"

"न्हाई, झोपलो होतो."

"मग तुला काय कळणार!" अब्बा म्हणाले, आणि त्याला खरोखरच्या रागानं कालच्या सामन्याबद्दल सांगू लागले. राखीव दिवस का हवा होता, श्रीजेश काय फॉर्मात होता, सगळं. ऐकता ऐकता तो माणूसही चिडला. "च्यायला, आज घ्यायला पायजे होती की मॅच!" म्हणाला. चहाचे पैसे त्यानंच दिले.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. समोरच्याला वगळायचं की धरायचं, हे त्यातून ठरतं. आम्ही जपून जपून 'आम्ही'त राहायला शिकलो होतो. अब्बा चहाच्या गाड्यावर न विचारता 'आपण' म्हणाले.

त्यानंतर ३० सप्टेंबर २०२३ ला हांगझोच्या एशियाडमध्ये भारतानं पाकिस्तानला १०-२ नं हरवलं. एक्केचाळीस वर्षांनी सात-एकची फेड झाली, असं म्हणत गाड्यावरचा तो पेढे घेऊन घरी आला. आम्हीही नाचलो, आवाज मोठा करून सामना पाहिला. अब्बांनी पेढा खाल्ला, पण सहाव्या-सातव्या गोलानंतरच ते जरा गप्प झाले होते. कारण विचारलं तर म्हणाले, "त्यांच्या गोलकीपरला आज घरी जाऊन जेवण जाईल का, तेवढंच मनात आलं."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "आणि ही काय मॅच? एकतर्फी. खरी मॅच मस्कतची. ती अजून बाकी आहे."

स्टिक दाराआड आहे. मुठीला नवी पट्टी गुंडाळून घेतलीय.