ठिगळ

मालवणच्या आमच्या घराचा स्लॅब १९८७ साली पडला. 'पडला' म्हणजे ओतला गेला. हे क्रियापद पुढे दुसऱ्या अर्थानेही खरे ठरू लागेल, असे तेव्हा कोणाला वाटले नव्हते. कौले उतरवून काँक्रीट घातल्याचा वडिलांना अभिमान होता. काँक्रीट अल्कधर्मी असल्यामुळे आतल्या सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर राहतो. खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड छिद्रांवाटे आत उतरून नेमका तोच मोडते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो, आणि काँक्रीट आतून फुटते. २०१३च्या पावसाळ्यात आईच्या खाटेवर खपला कोसळला तेव्हा ती सुदैवाने माजघरात होती.

मिस्त्रींनी दुधासारखे पांढरे लेटेक्स सिमेंट-वाळूत मिसळले. रबराचा चीक सिमेंटात घालण्याची कल्पना १९२०च्या दशकातली. हा चीक मात्र कृत्रिम. पाणी आटत जाते तसे त्यातले पॉलिमरचे कण एकमेकांना चिकटून छिद्रांच्या आत पापुद्रा धरतात. मिठाची वाट अरुंद होते, जुन्या काँक्रीटशी पकडही वाढते. वर्गात भाषांच्या संकराविषयी उत्साहाने बोलणाऱ्या मला हे मिश्रण फारच आवडले.

"सर, सळयेच्या पाठी जाऊक व्हया," मिस्त्री म्हणाले. म्हणजे सळई मागूनही मोकळी करायची आणि मीठ मुरलेले काँक्रीट, वरून धडधाकट दिसले तरी, काढून टाकायचे. खर्च जवळजवळ दुप्पट होत होता. दिसते तेवढेच काढा, असे मी सांगितले. ते काही बोलले नाहीत.

२०१९ मध्ये ठिगळाला लागूनच तडा गेला. ठिगळ शाबूत होते. पॉलिमरने आपले काम केले होते. कारण मी मागाहून वाचले. गंजणारी जागा विद्युत-रासायनिक भाषेत धनाग्र असते. स्वतः झिजत ती शेजारच्या लोखंडाला राखत असते. तिला बरे केले, की मीठ मुरलेल्या शेजाऱ्याची पाळी येते. हे मिस्त्रींना ठाऊक होते, बहुधा या शब्दांत नव्हे.

आईने तोवर खाट ठिगळाखाली सरकवून घेतली होती. घरात तेवढीच जागा पक्की, असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. मिस्त्रींना पुन्हा बोलावले. ते शिडीवर चढून हातोडीने स्लॅब वाजवत, पोकळ आवाजाच्या जागी खडूने खुणा करत गेले. खुणा भिंतीपर्यंत पोचल्या. या वेळी मी मध्ये बोललो नाही.