दाराशी अंथरूण

मला आठवते तेव्हापासून आमच्या आजीचे अंथरूण दाराशी असे. वडिलांना आरे कॉलनीत तबेल्यावर नोकरी होती आणि राहायला दोन खोल्या. पावसाळ्यात झड आत येई, पायाशी बेडूक येऊन बसे. पण आजी हलत नसे. "इथं बिबट्या येतो हं आजी!" असे आम्ही तिला भिववीत असू. ती म्हणे, "बिबट्या येकल्याला न्हेतो रं, भित समद्यांस्नी न्हेती."

तिचे सासर पाटण तालुक्यातले, कोयनाकाठचे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा घराची मागली भिंत आत कोसळली आणि माझी सहा वर्षांची आत्या तिच्याखाली गेली. "भाईर पडती तर पोर वाचती," एवढेच आजी म्हणे. हे वाक्य इतक्यांदा कानांवर पडले की पुढेपुढे ते मला ऐकू येईनासे झाले!

यथावकाश मी मास्तर झालो. एकदा वर्गात मोठ्या ऐटीत सांगितले, "आपला महाराष्ट्र काळ्या कातळावर बसला आहे. त्याला कसली भीती?" मागल्या बाकावरून एक मुलगी उठली. "मग गुरुजी, किल्लारी?"

मी गप्प झालो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून लोक निजले असताना, तिथे हजारो माणसे गेली. आणि तोवरच्या नकाशात तो मुलूख सर्वांत कमी धोक्याचा मानलेला होता.

त्या रात्री मी पुस्तके काढून बसलो. जमिनीखालचा कातळ जुन्या भेगांवर सरकतो. शास्त्रज्ञ अशा भेगेवर आडवा चर खणतात, मातीचे थर कुठे तुटले ते पाहतात आणि थरांतल्या कोळशावरून काळ ठरवतात. कोयनेला 1962 च्या सुमारास धरणात पाणी साठू लागले आणि धक्के जाणवू लागले. पाण्याचा भार आणि भेगांत मुरणारे पाणी यांमुळे कातळाची पकड सैल होते, असे ते सांगतात. त्याच भागात त्यांनी सुमारे 3 किलोमीटर खोल भोकही पाडले आहे. पण जिथे यंत्रे नव्हती, तिथे ते माणसांनाच विचारतात: फडताळातली भांडी पडली का? भिंत कोणत्या अंगाला पडली?

इथे मी पुस्तक मिटले. आजी जन्मभर याच प्रश्नाचे उत्तर सांगत होती आणि मी ते लिहून घेतले नव्हते. मागली भिंत म्हणजे पूर्वेची की पश्चिमेची? वडिलांना विचारले. ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तेव्हा मी पोरीला उकरत होतो रे."

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. मुंबईही धोक्याच्या मधल्या पट्ट्यात धरली जाते, कोयनेचा धक्का इथवर जाणवला होता, हेही सांगितले. दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास दिला तो एवढाच: घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ऐका आणि लिहून आणा.

आणि घरी आलो तो आधी दाराआड ठेवलेले लाकडी कपाट बाजूला सरकवले. सौभाग्यवतीने कारण विचारले. म्हटले, "आजीची जागा आहे ती. मोकळी असू दे."