कारूच्या पानांचा जमाखर्च

केप टाउनहून ईशान्येस जाणारा महामार्ग द्राक्षमळ्यांचा प्रदेश मागे टाकून ड्यू टॉइट्सक्लूफ पर्वताला भिडतो. 1988 साली खुला झालेला, सुमारे चार किलोमीटर लांबीचा ह्युगनॉट बोगदा ओलांडला की थोड्याच वेळात वूस्टर हे गाव लागते. दक्षिण आफ्रिकेच्या कारू नामक शुष्क प्रदेशातील वनस्पतींचे राष्ट्रीय उद्यान येथे आहे. 1921 मध्ये मॅजिसफोंटेनजवळ स्थापन झालेले हे उद्यान 1945 मध्ये येथे हलविण्यात आले. वर्षाचा पाऊस जेमतेम 250 मिलिमीटर, तोही बहुतांशी हिवाळ्यात. आपल्या माण-आटपाडीच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यातही सर्वसाधारणपणे याहून अधिक पाऊस पडतो.

सप्टेंबरात, म्हणजे तेथील वसंतात, आम्ही उभयता तेथे गेलो, तेव्हा माळ फुलांनी भरला होता. माझे लक्ष मात्र पानांनी वेधून घेतले. मी आयुष्यभर खातेवह्या तपासल्या. येथे प्रत्येक पान पाण्याची खातेवही सांभाळीत होते.

पहिला नियम साठ्याचा. पान पातळ व रुंद असेल तर पाणी उडून जाण्यास वाव अधिक. म्हणून येथील पाने जाड, गोलसर, कित्येकदा बोटासारखी. आतील मोठ्या पेशींत पाणी साठविलेले असते. दुसरा नियम गळती रोखण्याचा. वरच्या सालीवर मेणाचा थर असतो. कॉटिलेडॉनच्या पानांवर तर पांढरी भुकटी फासल्यासारखी दिसते. ती प्रखर ऊन परतवून लावते.

तिसरा नियम सर्वांत विलक्षण. पानाला हवा घेण्यासाठी रंध्रे उघडावी लागतात आणि त्याच वाटेने पाणी निसटते. म्हणून यांतील पुष्कळ वनस्पती हा व्यवहार रात्रीच्या गारव्यात उरकतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपाने साठवायचा आणि दिवसा दारे बंद ठेवून उन्हाच्या साहाय्याने त्याची साखर करायची. या शोधाचा एक धागा भारताशी जोडलेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी येथे पानफुटीची पाने चाखली. ती सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागली. त्यांचे हे निरीक्षण 1815 साली लंडनच्या लिनियन सोसायटीने प्रसिद्ध केले.

लिथॉप्स ही वनस्पती तर जमिनीत रुतलेल्या गारगोटीसारखी दिसते. 1811 साली प्रीस्काजवळ विल्यम बर्चेल या प्रवाशाने दगड समजूनच ती उचलली होती. तिला एका वेळी दोनच पाने. त्यांचा बराचसा भाग मातीखाली. माथ्यावरील अर्धपारदर्शक खिडकीतून प्रकाश आतील हरितपेशींपर्यंत उतरतो. नवी जोडी वाढू लागली की जुनी पाने आपले पाणी तिला देऊन स्वतः कागदासारखी वाळून जातात.

मात्र या काटकसरीची किंमत असते. रंध्रे दिवसभर मिटलेली असल्याने वाढ अत्यंत मंद होते. बोटभर उंचीच्या रोपालाही मोठे होण्यास अनेक वर्षे लागतात. शिवाय काही जाती एखाद्या टेकडीपुरत्याच आढळतात. परदेशी शौकिनांच्या मागणीमुळे अलीकडच्या वर्षांत नामाक्वालँडमधून अशी लक्षावधी रोपे चोरून उपटली गेली आहेत. एका पोत्यात एखाद्या जातीचा सारा वंश मावू शकतो. दुष्काळ सोसण्यासाठी घडलेल्या या पानांपाशी माणसाच्या हातापासून बचावाचा उपाय नाही.

आपल्या दुकानांच्या गल्ल्यावर आणि घरांच्या खिडक्यांत दिसणारे ‘जेड’ही मूळचे दक्षिण आफ्रिकेचेच. ते कांडी रोवून सहज वाढते. त्याची चिंता नको. परंतु दुर्मीळ लिथॉप्स किंवा कोनोफायटम विकत घेताना रोप बियांपासून रोपवाटिकेत वाढविलेले आहे काय, हे विक्रेत्यास अवश्य विचारावे. मालाचे मूळ ठाऊक नसेल तर सौदा करू नये, हा व्यापाराचा जुना नियम येथेही पाळावा.